शिक्कामोर्तब : खऱ्या पत्राची ओळख

पाकिटावर "मु. पो. शिरूर" एवढाच पत्ता लिहून पत्र पेटीत टाकले, तर ते कोणत्या गावी जाईल? पुणे जिल्ह्यातले लोक म्हणतील, "हा काय प्रश्न झाला? घोडनदीच्या काठी, नगर रस्त्यावर आहे ते शिरूर!" पण बीड जिल्ह्यातला माणूस म्हणेल, "शिरूर म्हणजे शिरूर कासार." लातूरकडचा म्हणेल, "छे, छे, शिरूर अनंतपाळ." तिघेही आपापल्या जागी खरेच बोलत आहेत. केडगावचेही तसेच. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ज्या केडगावात आहे ते दौंड तालुक्यातले. दुसरे केडगाव अहिल्यानगर शहराला लागून आहे. आणि तळेगाव म्हणाल, तर एकट्या पुणे जिल्ह्यातच दोन नावाजलेली आहेत : शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे आणि मावळातले तळेगाव दाभाडे. गावाच्या नावाला आडनाव जोडून लोकांनी आपली सोय करून घेतली.

म्हणजे पाहा, पत्र खरे, लिहिणारा खरा, ज्याला लिहिले तोही खरा. तरीसुद्धा ते हातात पडेलच असे नाही. खऱ्या पत्राला आपला खरेपणा आणि आपले ठिकाण दोन्ही पटवून द्यावे लागते. ही गोष्ट आजची नाही, फार जुनी आहे. पण आज ती नव्या रूपाने आपल्या दारात उभी राहिली आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

हे नवे रूप म्हणजे ई-मेल. इथे पत्ता बिनचूक असतो, पत्र क्षणात पोचते, आणि तरीही ते दिसत नाही! याचे कारण असे की आपल्या टपालपेटीच्या दारात एक अदृश्य पहारेकरी बसलेला असतो. येणारे प्रत्येक पत्र तो हुंगून पाहतो आणि संशय आला की ते बाजूच्या टोपलीत टाकतो. ह्या टोपलीला कोणी "स्पॅम" म्हणतात, कोणी "जंक" म्हणतात. टोपलीत पुष्कळसा कचराच असतो, हे खरे. पण ओल्याबरोबर सुकेही जळते, तशी कधी कधी कामाची पत्रेही त्यात जातात. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी अर्ज केलेल्या मुलाला मुलाखतीचे बोलावणे आता ई-मेलने येते. महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्तीतील त्रुटी, परीक्षेचे प्रवेशपत्र, द्राक्षे किंवा कांदा घेणाऱ्या परगावच्या व्यापाऱ्याचे उत्तर, असे सारे ह्याच वाटेने येते. जीमेलच्या टोपलीत पडलेले पत्र तर तीस दिवसांनी आपोआप नाहीसे होते. मुलगा म्हणतो, "मला पत्र आलेच नाही." कंपनी म्हणते, "आम्ही पाठवले होते." दोघेही खरे बोलतात, आणि जागा मात्र तिसऱ्यालाच मिळते.

मग चूक कोणाची? पहारेकऱ्याची, असे आपण पटकन म्हणून मोकळे होतो. पण इतिहास जरा वेगळे सांगतो. तो ऐका.

मराठीत आपण रोज एक शब्द वापरतो : शिक्कामोर्तब. "सभेने ठरावावर शिक्कामोर्तब केले," असे वर्तमानपत्रात वाचतो. हा शब्द दोन शब्दांचा जोड आहे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत पत्राच्या माथ्याजवळ राजमुद्रा उमटवलेली दिसते. हे पत्र कोणाचे, हे ती मुद्रा सांगते. आणि मजकूर जिथे संपला तिथे एक लहान शिक्का असतो, तो मर्यादेचा. त्यालाच मोर्तब म्हणत. मजकुराची हद्द इथे संपली, ह्याच्या खाली कोणी एक ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, असे ते मोर्तब बजावते. शेताच्या बांधाला जसा दगड, तसा पत्राच्या शेवटाला हा शिक्का.

आणि नुसते शिक्के मारून भागत नसे. पत्र तपासणारा एक मोठा अधिकारी असे. त्याला आधी सुरनीस म्हणत. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर ते पद सचिव ह्या नावाने अष्टप्रधानांत आले, आणि अण्णाजी दत्तो त्या पदावर होते. राजपत्रे वाचून पाहावीत, अधिकउणे अक्षर असेल ते दुरुस्त करावे, आणि मग पत्र रुजू झाल्याची खूण करावी, हे त्यांचे काम. तेव्हा गडावरचा हवालदार पत्र हातात आले की आधी मजकूर वाचत नसेल, आधी खुणा पाहत असेल. शिक्का आहे? मोर्तब आहे? रुजू झाले आहे? मग पुढे.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच भाषेतल्या दोन शब्दप्रयोगांत आहे.

पहिला, "ध चा मा करणे". ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. लोकांत अशी आख्यायिका आहे की मूळ हुकुमात "धरावे" असे होते आणि आनंदीबाईंनी त्यातल्या ध चा मा केला, म्हणजे "मारावे" झाले. आख्यायिका ही आख्यायिकाच. तो कागद काही इतिहासाच्या हाती लागलेला नाही. पण अडीचशे वर्षे ही गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली ती उगाच नव्हे. एक अक्षर बदलले की माणूस जातो, ही भीती त्यात आहे. पत्र योग्य माणसाचे असून भागत नाही. वाटेत त्यातले अक्षर बदललेले नाही, ह्याचीही खात्री लागते.

दुसरा शब्द, "तोतया". १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पुण्यातल्या पुष्कळांचा त्यावर विश्वास बसेना. ह्या आशेचा फायदा घेऊन एक मनुष्य "मीच भाऊसाहेब" म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने कोकणात मोठे बंड उभे केले. माणसे त्याला मिळाली, किल्ले मिळाले. त्याच वर्षी ते बंड मोडले आणि त्याचा शेवट झाला, हे खरे. पण तोवर राज्याची केवढी धांदल उडाली! नाव सांगायला कवडी लागत नाही. म्हणून नाव सांगणाऱ्याची ओळख पटवण्याची काहीतरी सोय प्रत्येक राज्याला, प्रत्येक काळात करावी लागते.

आता इंग्रजी अमदानीतील टपालाकडे येऊ. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानभर एकसारख्या दराची टपाल तिकिटे सुरू झाली. पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. मग ते पत्र जवळ जावो की लांब. १८७९ साली पोस्टकार्ड निघाले, ते पाव आण्याचे. ह्या तिकिटाने एक काम असे केले की ज्याचा फारसा कोणी विचार करीत नाही. पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे, असा रिवाज त्याने पाडला. अर्धा आणा म्हणजे त्या काळी थट्टा नव्हती. कोणाला उगीच हजार पत्रे धाडावीशी वाटली तर हजार अर्धे आणे, म्हणजे सव्वाएकतीस रुपये मोजावे लागत! त्यामुळे माणूस पत्र लिहिण्याआधी विचार करी. तिकिटाचा तो एवढासा कागद फालतू पत्रांना बांध घालीत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

टपालाला वेग दिला तो रेल्वेने. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दिकसाळपर्यंत गाडी सुरू झाली आणि दौंड त्या लोहमार्गावर आले. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग खुला झाला आणि दौंड जंक्शन बनले. रेल्वेच्या इंग्रजी पाट्यांवर त्या वेळी हे नाव "धोंड" असे वाचले जाईल अशा तऱ्हेने लिहीत. म्हणजे गाव एक, आणि कागदावर नावे दोन! टपालाच्या डब्यात बसून चालत्या गाडीत पत्रे निवडणारी माणसे असत. हातातले पाकीट दक्षिणेला सोलापूरकडे टाकायचे की उत्तरेला मनमाडकडे, हे त्यांना डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवावे लागे. अक्षर किरटे, कोणी मोडीत लिहिलेले, कोणी इंग्रजीत, आणि गावाचे नाव तीन जिल्ह्यांत सारखे. पत्र चुकले तर निवडणाऱ्याला तरी काय बोल लावायचा? अजिबात पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठी टपालखात्याने वेगळी कचेरी ठेवली होती. तिथे पत्र उघडून पाठवणाऱ्याचा ठिकाणा शोधीत आणि ते परत धाडीत.

ह्या घोळावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे नामांकित पंडित व कवी. त्यांच्या योजनेप्रमाणे १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. भाषा कोणतीही असो, अक्षर कसेही असो, सहा आकडे वाचता आले की पुरे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो; महाराष्ट्राचा आकडा ४, आणि त्यात गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हेही येतात. पहिले तीन आकडे मिळून पत्रे निवडण्याचा जिल्हा होतो, आणि शेवटचे तीन आकडे वाटपाचे पोस्ट ऑफिस दाखवतात. आपल्या घोडनदीच्या शिरूरचा पिनकोड ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१. तालुके शेजारशेजारचे, जिल्हा एकच, आणि तरी एकाला ४१२ व दुसऱ्याला ४१३! शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. पिनकोड तालुक्याची हद्द पाहत नाही, टपाल ज्या वाटेने जाते ती वाट पाहतो. सोलापूरचे आकडेही ४१३ नेच सुरू होतात, आणि दौंड सोलापूरच्या लोहमार्गावर आहे. शिरूर गावाला रेल्वेचे स्टेशन नाही. त्याची वाट पुण्याहून सडकेने जाते.

वेलणकरांच्या योजनेचे मर्म असे की निवडणाऱ्याला त्यांनी "अधिक हुशार हो" म्हणून सांगितले नाही. पाठवणाऱ्याला सांगितले, "एवढे सहा आकडे तू लिही." पत्र पोचवण्याचा थोडा भार त्यांनी लिहिणाऱ्याच्या अंगावर टाकला. खऱ्या पत्राची वाट त्यामुळेच मोकळी झाली.

आता ई-मेलची जन्मकथा ऐका. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठवण्याची युक्ती काढली. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव ह्यांच्या मध्ये "ॲट"ची वाटोळी खूण घालायची, ही कल्पना त्यांचीच. १९८२ साली ह्या पत्रव्यवहाराचे नियम लिहून निघाले. तेव्हा जाळ्यावर असलेले लोक थोडे, बहुतेक विद्यापीठांतले, एकमेकांना ओळखणारे. गावात सगळेच ओळखीचे असले की दाराला कडी कोण लावतो? म्हणून त्या नियमांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच ठेवली नव्हती. पत्रावर "प्रेषक" म्हणून काहीही नाव घाला, टपाल ते निमूटपणे नेत असे. शिक्का नाही, मोर्तब नाही. आणि तिकीटही नाही! एक पत्र पाठवा की लाख, खर्च जवळजवळ सारखाच.

मग व्हायचे तेच झाले. नियम लिहून निघण्याच्या आधीच, ३ मे १९७८ रोजी, यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या माणसाने सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी जाहिरात धाडली. लोक चिडले, पण वाट पडायची ती पडली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तोवर जगात ह्या नकोशा पत्रांचा पूर येऊ लागला होता. त्यांना "स्पॅम" हे नाव पडले ते डबाबंद मांसाच्या एका छापावरून. इंग्लंडमधल्या एका विनोदी कार्यक्रमात हा शब्द इतक्या वेळा ओरडून सांगतात की दुसरे काही ऐकूच येत नाही. खरे पत्र असेच ह्या गलक्यात बुडू लागले.

तेव्हा दारावर पहारेकरी बसवावे लागले. सुरुवातीचे पहारेकरी शब्द पाहत. "फुकट", "लॉटरी", "बक्षीस" असे शब्द दिसले की पत्र बाहेर! पण असे शब्द भल्या माणसाच्या पत्रातही असतात. पुढे २००२ साली पॉल ग्रॅहम ह्या अमेरिकन लेखकाने एक निबंध लिहून सुचवले की यंत्राला चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही पत्रांचे ढीग दाखवावेत आणि कोणता शब्द कोठे किती वेळा येतो, हे त्याचे त्याला शिकू द्यावे. त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली : एखादे वाईट पत्र आत आले तर फार बिघडत नाही, पण एक चांगले पत्र बाहेर टाकले गेले तर ते मोठे नुकसान आहे. ही शहाणपणाची गोष्ट आहे. तरीही पहारेकरी तो पहारेकरीच. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितो, तसे त्याचे होते. पत्रावर जर ओळखीची खूणच नसेल तर तो बिचारा अंदाजच बांधणार, आणि अंदाज कधी तरी चुकणारच.

खरा उपाय निघाला तो पुन्हा शिक्कामोर्तबाकडे वळल्यावर. हा उपाय तीन पायऱ्यांनी आला. नावे इंग्रजी आहेत, पण कल्पना आपल्या ओळखीच्या आहेत.

गावात एक चावडी आहे असे समजा. तिच्यावरची पाटी कोणीही वाचावी, पण आपल्या नावापुढे लिहिण्याचा हक्क फक्त ज्याचा त्याला. इंटरनेटवर अशी चावडी आहे; तिला डीएनएस म्हणतात. पहिली पायरी एसपीएफ, तिचे नियम २००६ साली प्रसिद्ध झाले. संस्था चावडीवर लिहून ठेवते : "आमची पत्रे अमुक अमुक जासूदच नेतील." पत्र घेऊन आलेला जासूद त्या यादीत आहे की नाही, हे पहारेकरी ताडून पाहतो.

दुसरी पायरी डीकेआयएम, २००७ सालची. हे थेट मोर्तबच आहे. पत्र निघताना त्याच्या मजकुरावरून गणिताने एक सही तयार करून पत्राला जोडतात. ती सही ताडून पाहण्याची किल्ली चावडीवर टांगलेली असते. वाटेत कोणी ध चा मा केला तर सही जुळत नाही. आणखी एक फायदा असा की एखाद्याने पत्र दुसऱ्या पत्त्यावरून पुढे पाठवले तर जासूद बदलतो आणि पहिली खूण निकामी होते. पण मजकूर तसाच असला तर हे मोर्तब टिकून राहते.

तिसरी पायरी डीमार्क. ती २०१२ साली जाहीर झाली आणि तिचे लेखी नियम २०१५ साली निघाले. पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्रावर दुसरेच, ही तोतयाची जुनी युक्ती. डीमार्क सांगते की वाचणाऱ्याला जे नाव दिसते त्याच नावाचा शिक्का किंवा मोर्तब जुळले पाहिजे. आणि जुळले नाही तर काय करायचे, तेही संस्थाच चावडीवर लिहून ठेवते : जाऊ द्या, बाजूला ठेवा, किंवा दारातूनच परतवा. शिवाय "आमच्या नावाने कोण कोण पत्रे धाडीत आहे, ते आम्हाला कळवा," अशीही त्यात सोय आहे.

बरीच वर्षे ह्या गोष्टी ऐच्छिक होत्या. १ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू ह्यांनी त्या घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांवर बंधनकारक केल्या. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडायची असतील तर तिन्ही खुणा हव्यात; "आता पत्रे नकोत" असे एका टिचकीत सांगण्याची सोय हवी; आणि हजारात तीन लोकांनी "हे स्पॅम आहे" अशी तक्रार करावी, इथवर मजल जाता कामा नये. ह्यातले शेवटचे कलम मोठे अर्थपूर्ण आहे. शिक्का मारलेले पत्रही कचरा असू शकते. शिक्का ओळख पटवतो. पत सांभाळायची ती ज्याची त्याने.

आता आपण, म्हणजे शिरूर-दौंडकडच्या शाळेतले गुरुजी, बाई, शेतकरी, विद्यार्थी, ह्यांनी काय करावे? पत्र घेणारा म्हणून आणि पत्र पाठवणारा म्हणून आपली कामे वेगळी आहेत.

घेणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी ती टोपली उघडून पाहावी. अर्ज केला असेल, निकाल लागायचा असेल, तर रोज पाहावी. चांगले पत्र दिसले तर नुसते वाचून सोडू नये. "हे स्पॅम नाही" ह्या बटणावर बोट ठेवावे आणि तो पत्ता आपल्या यादीत घालावा. पहारेकरी अशानेच शिकतो. पण सावधही राहावे. नाव वाचून फसू नये. "ॲट"च्या खुणेच्या उजवीकडचा पत्ता अक्षर अक्षर लावून वाचावा. सरकारी कचेरीचे म्हणून आलेले पत्र "गव्ह डॉट इन"ने संपते की तसे भासणाऱ्या दुसऱ्याच कशाने, ते पाहावे. शंका असेल तर पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. कचेरीला, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर, फोन करावा. आणि एक विनंती : आपणच नाव नोंदवून मागवलेली पत्रे नकोशी झाली म्हणून त्यांना "स्पॅम" ठरवू नका. "पत्रे नकोत" अशी सोय त्यांत असते, ती वापरा. तुमचे बोट ही पहारेकऱ्यापुढची साक्ष आहे. दहा जणांनी खोटी साक्ष दिली तर अकराव्याचे कामाचे पत्र टोपलीत जाते.

पाठवणाऱ्याची जबाबदारी अधिक. शाळेला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरवायचा आहे आणि सातशे पत्रे पाठवायची आहेत, असे समजा. मुख्याध्यापकांनी ती आपल्या खासगी जीमेल पत्त्यावरून एका दमात पाठवू नयेत. एक तर त्या खात्यावरून दिवसाला पाचशेच्या पुढे पत्रे जातच नाहीत. आणि असा अचानक लोंढा पाहून पहारेकरी सावध होतो. ज्यांनी "कळवा" म्हणून सांगितले त्यांनाच पत्र धाडावे. विषयाच्या ओळीत शाळेचे, गावाचे आणि कामाचे नाव स्पष्ट लिहावे, "त्वरा करा! शेवटची संधी!" अशी आरोळी ठोकू नये. नुसते चित्र जोडून मजकूर कोरा ठेवू नये, आणि आखूड केलेले, कुठे नेतात ते न कळणारे दुवे घालू नयेत. शाळेचा, पतसंस्थेचा किंवा शेतकरी कंपनीचा स्वतःच्या नावाचा पत्ता असेल, तर तो ज्याने उभा करून दिला त्याला सरळ विचारावे : "एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, ह्या तिन्ही खुणा चावडीवर लावल्या आहेत का?" हे काम बहुधा एका बैठकीत होते. ते न केल्याने वर्षानुवर्षे पत्रे वाया जातात.

श्रोतेहो, खोट्याचा सुकाळ झाला की खऱ्यावरही संशय येतो, हा जगाचा नियम आहे. त्यावर चिडून पहारा उठवला तर तोतये आत शिरतील; पहारा अधिकच कडक केला तर आपलीच माणसे बाहेर राहतील. शिवकालीन सचिवाने पत्र रुजू केल्याची खूण केली, वेलणकरांनी सहा आकडे मागितले, आणि आजचे यंत्र तीन खुणा मागते. तिन्ही वेळा शहाण्यांनी काम सोपवले ते लिहिणाऱ्यावर. आपले नाव ज्या पत्रावर जाते त्याच्यावर आपला शिक्काही जावा, एवढी काळजी प्रत्येकाने घेतली, तर एखाद्या होतकरू मुलाचे बोलावणे तीस दिवस टोपलीत पडून नाहीसे होणार नाही.